इन्फ्लुएंझा : घरांतील शेवटचा रुग्ण

मृगाच्या सरी येऊन गेल्या, शाळा सुरू झाल्या, दाराशीं ओल्या छत्र्यांची रांग लागूं लागली, कीं दरवर्षीं आमच्याकडे एकाच आशयाचीं पत्रें येतात. 'घरांत एकामागून एक सारींच माणसें निजत आहेत. हें साधें पडसें समजावें कीं इन्फ्लुएंझा? डॉक्टरांकडे केव्हां जावें? लस टोंचून घ्यावी कीं न घ्यावी? काढा द्यावा कीं नाहीं?' या प्रश्नांचीं उत्तरें प्रस्तुत अंकीं एकत्र द्यावीं असें आम्हीं योजिलें आहे. परंतु आरंभींच एक गोष्ट वाचकांच्या नजरेस आणणें आम्हांस अवश्य वाटतें. हीं पत्रें बहुधा गृहिणींचीं असतात. त्यांत मुलांच्या तापाचा आंकडा असतो, सासऱ्यांच्या खोकल्याचें वर्णन असतें, यजमानांच्या अंगदुखीचा उल्लेख असतो; लिहिणारीची स्वतःची प्रकृति कशी आहे, हें मात्र क्वचितच लिहिलेलें आढळतें.

हें आम्ही दुसऱ्यास दोष देण्यासाठीं म्हणत नाहीं. गेल्या आषाढांत आमच्याच घरीं जें घडलें तें सांगतों. प्रथम धाकटा पुतण्या शाळेंतून ताप घेऊन आला. तिसऱ्या दिवशीं त्याची बहीण निजली, मागोमाग आम्ही, आणि त्याच रात्रीं दादा. चार अंथरुणांवर चार रोगी! वहिनी तेवढ्या उभ्या होत्या. पेज, गरम पाणी, कपाळावरच्या पट्ट्या, औषधांच्या वेळा, सारें त्यांच्याकडे. आम्ही त्यांचें कौतुकही केलें. आठव्या दिवशीं पहाटें स्वयंपाकघरांत कांहीं पडल्याचा आवाज झाला. दादा जाऊन पाहतात तों वहिनी ओट्यास धरून उभ्या, धाप लागलेली, आणि पायाशीं दूध सांडलेलें. ताप केव्हांपासून आहे असें विचारतां त्या म्हणाल्या, "झाले पांच दिवस." सांगितलें कां नाहीं, असें विचारतां म्हणाल्या, "अहो, सांगणार कोणाला? सगळेच निजलेले!" त्यांस न्यूमोनिया झाला होता. नऊ दिवस इस्पितळांत काढून त्या परत आल्या हें आमचें भाग्य. पण पुढें तीन महिने जिना चढतांना त्यांस मध्यें थांबावें लागे. या पानांवरून वर्षानुवर्षें इतरांस आरोग्याचे धडे देणाऱ्या आम्हांस घरांतला पांचवा रोगी दिसला नाहीं, ही टोंचणी आमच्या मनांतून अद्याप गेलेली नाहीं.

आणि ही हकीकत एकट्या आमच्या घरची नव्हे. आपल्या देशांतील इन्फ्लुएंझाच्या इतिहासांत जें सर्वांत काळें पान आहे, त्यावरही हीच गोष्ट लिहिलेली आहे. १९१८ च्या जूनमध्यें हा रोग मुंबईंत शिरला. १० जून रोजीं सात पोलीस शिपाई एकाच प्रकारच्या तापानें इस्पितळांत दाखल झाले. त्यांतील एक गोदीवर पहाऱ्यास होता. ही पहिली लाट त्या मानानें सौम्य होती. ती ओसरल्यावर लोक निर्धास्त झाले. सप्टेंबरांत दुसरी लाट आली, ती मात्र काळ होऊन आली. ६ ऑक्टोबर १९१८ या एकाच दिवशीं मुंबई शहरांत ७६८ मृत्यूंची नोंद झाली. वर्षअखेरपर्यंत मुंबई इलाख्यांत दहा लक्षांहून अधिक माणसें दगावलीं. साऱ्या हिंदुस्थानांतील मृत्यूंचा अभ्यासकांचा अंदाज तर सव्वा कोटीच्याही पुढें जातो. त्याच वर्षीं पाऊस अपुरा पडून धान्य महागलें होतें; अर्ध्या पोटीं असलेल्या शरीरांवर रोगानें घाला घातला. १९२१ च्या खानेसुमारींत देशाची लोकसंख्या १९११ पेक्षां कमी भरली, त्याचें मुख्य कारण हीच साथ होय.

एरव्हीं इन्फ्लुएंझा म्हाताऱ्या माणसांस व तान्ह्या मुलांस नेतो. या साथीनें वीस ते चाळीस वयाचीं धडधाकट माणसेंही फार मोठ्या संख्येनें नेलीं. आणि हिंदुस्थानांत पुरुषांपेक्षां स्त्रिया अधिक बळी पडल्या. त्याचीं कारणें त्या वेळच्या आरोग्याधिकाऱ्यांच्याही ध्यानीं आलीं होतीं. कोंदट घरांत स्त्रियांचा दिवस जाई. अंगांत ताप असतांही दळण, पाणी, स्वयंपाक व रोग्यांची शुश्रूषा सुटत नसे. आणि विश्रांति घेण्याची वेळ येई ती बहुधा शक्ति संपल्यावरच. गर्भवती स्त्रियांची तर त्या साथींत फारच दैना झाली. आमच्या वहिनींचें 'सांगणार कोणाला?' हें उत्तर शंभर वर्षांपूर्वींही घरोघर दिलें गेलें असेल; फरक इतकाच, कीं तेव्हां प्राणवायूची नळी नव्हती व प्रतिजैविक औषधें नव्हतीं.

त्याच साथीची आणखी एक आंकडेवारी आपल्या सुशिक्षित घरांनीं विचारांत घेण्याजोगी आहे. मुंबई शहरांत त्या वेळीं युरोपियनांत दर हजारीं ८.३, पारशांत ९, वरच्या व मधल्या गणल्या गेलेल्या जातींच्या हिंदूंत १८.९, आणि अस्पृश्य लेखिलेल्या जातींत ६१.६ माणसें मेलीं. रोगास जात ठाऊक नसते. त्यास खोली ठाऊक असते. एका खोलीत किती माणसें निजतात, तिला खिडकी आहे कीं नाहीं, आणि आजारी पडल्यावर कामावर न जाण्याची ऐपत त्या माणसास आहे कीं नाहीं, एवढेंच तो पाहतो. आजही आपल्या घरीं भांडीं घासावयास येणाऱ्या बाईच्या खोलीस हाच हिशोब लागू आहे. या मुद्द्याकडे शेवटीं आम्ही पुन्हां येऊं.

आतां रोगाच्या स्वरूपाविषयीं. १९१८ सालीं डॉक्टर जवळजवळ अंधारांतच लढत होते. १८९२ सालीं फायफर या जर्मन शास्त्रज्ञानें एक जंतु दाखविला होता, तोच या रोगाचें मूळ होय असा पुष्कळांचा समज होता. खरा शत्रु त्याहून कितीतरी सूक्ष्म निघाला. १९३३ सालीं लंडन येथें स्मिथ, अँड्र्यूज व लेडलॉ या तिघांनीं रोग्याच्या घशांतील पाणी जंतु गाळून काढणाऱ्या गाळणींतून काढिलें व तें फेरेट नांवाच्या मुंगसासारख्या प्राण्याच्या नाकांत घातलें. प्राणी आजारी पडला, आणि हा विषाणूचा रोग आहे हें सिद्ध झालें. या विषाणूचे माणसास मुख्यत्वें पीडणारे प्रकार दोन, 'ए' व 'बी'. दोघांचाही स्वभाव बहुरूप्याचा आहे. त्यांचें बाह्य आवरण वर्षावर्षाला थोडथोडें बदलत असतें. म्हणून गेल्या वर्षीं येऊन गेलेला ताप यंदा पुन्हां येऊं शकतो. 'ए' प्रकार तर कधीं कधीं अवघा वेषच पालटतो. मग त्यास ओळखणारें शरीर जगांत क्वचितच उरतें व साथ सर्व खंडांत पसरते. १९५७, १९६८ व २००९ सालीं असें झालें. २००९ च्या ऑगस्टमध्यें या नव्या विषाणूनें आपल्या देशांतील पहिला बळी घेतला तो पुण्यांतील एका शाळकरी मुलीचा. तेव्हांच्या बंद शाळा व तोंडावर रुमाल बांधलेले रस्ते पुणेकर विसरले नसतील. तोच विषाणु आतां दरवर्षींच्या साध्या साथींपैकीं एक होऊन आपल्यांत राहिला आहे.

पडसें व इन्फ्लुएंझा यांतील भेद सामान्य माणसासही पुष्कळ अंशीं ओळखतां येतो. पडसें पाहुण्यासारखें चाहूल देत येतें. आज नाक चोंदतें, उद्यां शिंका, परवां खोकला. इन्फ्लुएंझा दरोडेखोरासारखा येतो. 'काल दुपारीं चार वाजतां हुडहुडी भरली' अशी वेळही रोग्यास सांगतां येते. ताप एकाएकीं चढतो, डोकें व डोळ्यांमागचा भाग ठणकतो, पाठ व पिंडऱ्या फुटतात, घसा सुजतो, कोरडा खोकला लागतो आणि माणूस अंथरुणास खिळतो. लहान मुलांस ओकाऱ्या व जुलाबही होतात. म्हाताऱ्या माणसांस मात्र फारसा ताप न येतां नुसती ग्लानि येते, जेवण सुटतें, बोलणें असंबद्ध होतें. म्हणून त्यांच्या बाबतींत थर्मामीटरवर विसंबूं नये. ताप साधारण तीनचार दिवसांत उतरतो. खोकला व अशक्तपणा मात्र दोन आठवडे, कधीं त्याहूनही अधिक रेंगाळतो. एक सावधगिरी अवश्य. आपल्याकडे इन्फ्लुएंझाचा जोर पावसाळ्यांत असतो, आणि डेंग्यू, मलेरिया व लेप्टोस्पायरोसिस यांचाही हंगाम तोच. ताप आहे पण खोकला, घसा कांहींच नाहीं, अंगावर पुरळ आहे, अथवा साचलेल्या पाण्यांतून चालणें झालें आहे, अशा वेळीं घरीं अनुमान बांधीत न बसतां रक्त तपासून घ्यावें.

रोग पसरतो तो खोकला, शिंक व बोलणें यांतून उडणाऱ्या तुषारांनीं, आणि तुषार लागलेला हात नाकातोंडास लागल्यानें. संसर्ग झाल्यापासून एक ते चार दिवसांत ताप येतो. ताप येण्याच्या आदल्या दिवसापासूनच तो माणूस दुसऱ्यास रोग देऊं लागतो, व पुढें पांचसात दिवस देत राहतो. लहान मुलें त्याहूनही अधिक दिवस देतात. म्हणून मुलाचा ताप उतरला कीं दुसऱ्याच दिवशीं 'परीक्षा आहे' म्हणून त्यास शाळेंत पाठविणें हें शेजारच्या बाकावरील मुलाशीं वैर करणें होय. औषधाशिवाय पुरे चोवीस तास ताप न आल्यावरच त्यास बाहेर काढावें. बाहेरून आल्यावर हातपाय धुण्याची व उष्टें न खाण्याची शिस्त आपल्या घरांत पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. या रोगांत ती खरोखरच उपयोगीं पडते, मात्र हात साबणानें, बोटांच्या बेचक्यांसह, वीस सेकंद तरी धुतले पाहिजेत. ज्या शिस्तींत आपण कमी पडतों ती हवेची. पाऊस आला कीं आपण खिडक्या लावून घेतों आणि एकाच खोलीत सारें घर दूरदर्शन-संचापुढें बसतें. विषाणूस याहून अधिक काय पाहिजे? रोग्यास शक्य तर निराळी खोली द्यावी, न जमल्यास त्याचें अंथरूण खिडकीशीं घालावें, खिडकी बोटभर तरी उघडी ठेवावी. रोग्यानें व त्याच्याजवळ जाणाऱ्यानें मास्क लावावा. खोकतांना तळहात नव्हे, कोपराची बाजू तोंडाशीं धरावी.

लशीविषयीं पत्रांतून फार शंका असतात. ती सुईनें टोंचण्याची लस मृत विषाणूपासून केलेली असते. तिनें इन्फ्लुएंझा होत नाहीं. एखाद दिवस दंड दुखेल, किंचित् कसर येईल, इतकेंच. तिनें रोग मुळींच होणार नाहीं असें मात्र नव्हे. लस व विषाणु यांचा मेळ चांगला बसलेल्या वर्षीं आजाराचा संभव सुमारें निम्म्यानें घटतो, आणि झालाच तर तो जिवावर बेतण्याचा धोका कमी होतो. विषाणु वेष बदलतो म्हणून लसही बदलावी लागते व ती दरवर्षीं घ्यावी लागते. टोंचल्यापासून गुण येण्यास दोन आठवडे लागतात. सबब महाराष्ट्रांत पावसाळ्यापूर्वीं, चैत्र-वैशाखांत ती घेणें उत्तम. सहा महिन्यांपुढील कोणासही ती घेतां येते. साठी उलटलेलीं माणसें, पांच वर्षांखालील मुलें, गर्भवती स्त्रिया, आणि मधुमेह, दमा, हृदय वा मूत्रपिंडाचा विकार असलेले यांनीं ती टाळूं नये. गर्भवतीनें घेतलेली लस जन्मणाऱ्या बाळासही पहिले कांहीं महिने संरक्षण देते. नऊ वर्षांखालील मुलास प्रथमच देतांना एक महिन्याच्या अंतरानें दोन मात्रा द्याव्या लागतात. ज्यांस पूर्वीं कोणत्याही लशीनें तीव्र त्रास झाला असेल त्यांनीं डॉक्टरांस तें आधीं सांगावें.

रोग आलाच तर शुश्रूषा हेंच मुख्य औषध. रोग्यास निजवावें, आणि पाणी थोडें थोडें पण वरचेवर पाजावें. पेज, मुगाचें कढण, लिंबाचें सरबत, ताक, मऊ भात व मेतकूट, जें रुचेल तें द्यावें. तापांत लंघन म्हणून पाणीही तोडणें ही घातक रीति होय. ताप चढत असतां घाम काढण्यासाठीं घोंगड्यांचा ढीग घालूं नये. हलकें पांघरूण पुरे. तुळस, आलें, सुंठ यांचा सौम्य काढा घशास बरा वाटतो. त्यानें विषाणु मरत नाहीं, पण कोणी आपल्यासाठीं तो उकळला आहे याचा गुण कमी लेखूं नये. वर्षावरील मुलास खोकल्यासाठीं मध चालतो. वर्षाआंतील बाळास तो मुळींच देऊं नये. उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर मुलास वाफारा देतांना भाजल्याचे अपघात वरचेवर होतात, तो मोह टाळावा.

तापास व अंगदुखीस पॅरासिटामॉल, डॉक्टरांनीं सांगितलेल्या प्रमाणांत, पुरेसें असतें. सर्दीच्या मिश्र गोळ्यांतही पुष्कळदां तेंच असतें. म्हणून दोन्ही एकदम घेऊन मात्रा दुप्पट होणार नाहीं हें पाहावें. मुलांस ॲस्पिरिन कदापि देऊं नये. त्यानें यकृत व मेंदू यांस इजा करणारा एक दुर्मिळ पण भयंकर विकार उद्भवूं शकतो. डेंग्यूची शंका फिटेपर्यंत मोठ्यांनींही ॲस्पिरिन वा आयबुप्रोफेन घेऊं नये, कारण त्यानें रक्तस्राव वाढण्याची भीति असते. कपाटांत उरलेली अँटिबायोटिकची पट्टी या रोगांत निरुपयोगी आहे. ती जंतूंस मारते, विषाणूस नव्हे. विषाणूवर खरोखर चालणारें औषध ऑसेल्टामिव्हिर होय. पण तें डॉक्टरांच्या चिठ्ठीनेंच घ्यावयाचें, आणि पहिल्या अठ्ठेचाळीस तासांत सुरू केल्यास त्याचा गुण अधिक. म्हणून वर सांगितलेल्या नाजूक प्रकृतीच्या माणसांनीं 'दोन दिवस वाट पाहूं' असें न म्हणतां पहिल्याच दिवशीं डॉक्टरांकडे जावें.

कोणत्या खुणा दिसतांच इस्पितळ गांठावें, हें घरांतील प्रत्येकास पाठ असावें. धाप लागणें, छातींत दुखणें, ओठ निळसर होणें, भ्रम वा अतिग्लानि, दिवसभर लघवी न होणें, झटके येणें. विशेष फसवी खूण ती ही, कीं ताप उतरून बरें वाटूं लागतें, आणि दोनतीन दिवसांनीं तो पुन्हां चढून खोकला वाढतो. तेव्हां फुप्फुसांत दुसऱ्या जंतूंनीं घर केलें असें समजावें. बाळ निजलें असतां त्याच्या छातीकडे पाहून एक मिनिटभर श्वास मोजावेत. एक वर्षाच्या आंतील, दोन महिन्यांवरच्या बाळाचे पन्नास किंवा अधिक, व एक ते पांच वर्षांच्या मुलाचे चाळीस किंवा अधिक भरल्यास, अथवा श्वास घेतांना बरगड्यांखालीं खळगा पडत असल्यास, रात्र असली तरी थांबूं नये. २०२० च्या साथींत बोटास लावण्याचें प्राणवायु मोजण्याचें यंत्र पुष्कळ घरांनीं घेतलें आहे. तें खणांतून काढून त्याची बॅटरी पाहून ठेवावी. मोठ्या माणसाचा आंकडा ९४ च्या खालीं येऊं लागल्यास डॉक्टरांस कळवावें.

आतां ज्या गोष्टीनें आरंभ केला तिच्याकडे वळूं. वरील सर्व नियम पाळले, तरी ते पाळणार कोण, हा प्रश्न उरतो. आणि आपल्या घरांत त्याचें उत्तर न विचारतांच ठरलेलें असतें. तें बदललें पाहिजे. आमच्या घरीं आम्हीं आतां एक साधी व्यवस्था केली आहे. पावसाळा लागतांच स्वयंपाकघराच्या दाराशीं एक वही टांगतों. घरांत एकास ताप आला, कीं सर्वांचा, होय, सर्वांचा, ताप सकाळसंध्याकाळ मोजून तींत लिहावयाचा. वहिनींचें नांव पहिल्या ओळींत. शुश्रूषा एकाच व्यक्तीनें न करतां दोघांनीं वांटून घ्यावयाची, व त्यांत दादांचा वांटा ठरलेला. कुकर लावणें, पेज करणें, चहा टाकणें हें घरांतील बारा वर्षांवरील प्रत्येक मुलास व पुरुषास आलेंच पाहिजे. जिचा आंकडा शंभरावर गेला तिनें चुलीशीं उभें राहावयाचें नाहीं, मग त्या दिवशीं डबा बाहेरून आला तरी चालेल. प्रथम वहिनी हंसल्या. श्रावणांत त्यांस खरेंच कसर आली, तेव्हां वहीमुळें ती पहिल्याच संध्याकाळीं कळली व त्या निजल्या. दुसऱ्या दिवशींची पेज दादांनीं केली; ती करपली होती, आणि वहिनींनीं ती आवडीनें खाल्ली.

आणि घरीं कामास येणारी बाई. घरांत ताप असतां तिला दाराशींच सांगावें, तिचा पगार न कापतां चारसहा दिवस सुट्टी द्यावी. ती आजारी असल्यास 'निदान भांडीं तरी घासून जा' असें म्हणूं नये. ६१.६ हा आंकडा पुन्हां कोणाच्या वांट्यास न यावा, याची सुरुवात आपल्या मोरीपासून करतां येते.

पुढील पत्र लिहितांना आमच्या वाचकभगिनींनीं एवढें करावें. मुलांचा, सासऱ्यांचा, यजमानांचा ताप लिहून झाला, कीं खालीं आणखी एक ओळ लिहावी, आपल्या स्वतःच्या तापाची. आणि तें पत्र टपालांत टाकण्यापूर्वीं घरांतील माणसांस वाचून दाखवावें.